चौदा जणांचं येणं

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी पानाला चुना लावत बसायचो, नाहीतर बस आली असं म्हणून उठायचो. आता उठायला गुडघे साथ देत नाहीत, आणि ज्या दुकानातून बस दिसायची ते दुकानही बंद झालं. तेव्हा सांगून टाकतो.

सुरुवात अर्जीवाल्यांच्या डाव्या पंजापासून करायला हवी. कुणी पासपोर्ट पुढं केला की ते तो टेबलावर उलगडायचे आणि त्यावर डावा पंजा दाबून धरायचे, जणू सोडला तर उडून जाईल. मग उजव्या हाताचं बोट, त्यावर टपालवाल्यांसारखी रबराची टोपी, व्हिसाच्या कागदावर वरून खाली सरकत यायचं. मध्येच कुठंतरी थांबायचं. मान न उचलता ते विचारायचे,

"जाणं दिसायलंय. येणं कुठाय?"

हुमनाबादच्या बस स्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वाक्य आठवेल. तुम्हीही त्याला हसला असाल. हसण्यात मी सगळ्यांच्या पुढं असायचो.

ते अर्जनवीस होते. राहायचे हळ्ळीखेडला, रोज सकाळच्या बसनं हुमनाबादला यायचे. आधी सरकारी कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली बसून पेन्शन, रेशन, वारसा, असले अर्ज लिहून द्यायचे. मराठीत सांगितलेलं कानडीत, कानडीत सांगितलेलं इंग्रजीत, आणि दखनीत रडून सांगितलेलंही कोरड्या सरकारी भाषेत. पुढं आमच्या भागातली पोरं दुबई-मस्कतला जायला लागली, तसे पासपोर्टचे फॉर्म यायला लागले. ती पोरं फॉर्म भरून झाल्यावर मुंबईच्या, हैदराबादच्या बसचं तिकीट माझ्याकडून घ्यायची. म्हणून मी त्यांना दुकानात एका कोपऱ्यात घडीचं टेबल लावायला सांगितलं. "मी त्यांना जागा दिली," असं मी गावभर सांगायचो. माझं गिऱ्हाईक त्यांच्यामागून चालत यायचं, हे सांगायचं राहून जायचं.

ते बौद्ध होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे घडलं त्यात त्याचा भाग होता, आणि इतकी वर्षं तो नव्हता असं मी म्हणत आलो. माझ्या दुकानात सगळ्यांना सारख्याच काचेच्या ग्लासात चहा मिळायचा. या गोष्टीचा मला एवढा अभिमान, की महिन्यातून एकदा तरी मी ती कुणाला तरी ऐकवायचोच. ग्लास एकच आहे हे ज्याला बोलून दाखवावं लागतं, त्याच्या मनात ग्लास दोन असतात. एवढं साधं कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

वयानं ते माझ्याहून तीन वर्षं मोठे. तरी ते मला अण्णा म्हणत, आणि गाव त्यांना "ये अर्जी" म्हणे. मी "अर्जीवाले" म्हणायचो आणि तेवढ्यानं स्वतःला सभ्य समजायचो.

त्यांच्याकडं एक वही होती, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली. प्रत्येक देशाला एक पान. वर देशाचं नाव, खाली तीनच रकाने : एकदा, दोनदा, कितीदाही. म्हणजे त्या व्हिसावर त्या देशात किती वेळा शिरता येतं. त्याच्या खाली थांब्याचे नियम. विमान बदलायला उतरलात तर विमानतळाच्या आत बसायचं की बाहेर पडता येतं, सामान स्वतः उचलावं लागतं का, रात्र पडली तर काय. दर शनिवारी इंटरनेटच्या दुकानात बसून ते हे सगळं उतरवून आणत आणि पानाच्या कोपऱ्यात तारीख टाकत. जुनं खोडून नवं लिहीत.

मी एकदा म्हणालो, "अहो, नियम काय रोज बदलतो का?"

"नियम दुधासारखं हाय अण्णा. कालचं आज नासतंय."

तीन पेनं असायची खिशाला. निळं, काळं आणि लाल. लाल पेन एकाच कामाला. कागदात खोट दिसली की ते लाल शाईनं एक चिठ्ठी लिहायचे आणि टाचणीनं फाइलवर लावायचे. चिठ्ठीवर मथळा एकच : "येणं."

एक पोरगा दुबईला नात्यातल्या माणसाकडं महिन्याभरासाठी चालला होता. चुलतभाऊ ओमानला होता, सणाला दोन दिवस त्याच्याकडं जाऊन येईन म्हणाला. यांनी पंजा उचललाच नाही.

"एकदा दुबईच्या भायेर पडलास की हा कागुद मेला. मग ओमानातनं कुठं जाशील? भावाच्या गळ्यात पडशील?"

"पन चाचा, गाडीनं चार-पाच घंट्याचा रस्ता हाय."

"रस्ता किती बी घंट्याचा असू दे. शिक्का एकच हाय."

पोरगा चिडून गेला. महिन्यानं खजुराचा डबा घेऊन आला. त्याच्या खोलीतला दुसरा एकजण तसा गेला होता आणि तिकडंच अडकला होता. खजूर यांनी दुकानातल्या सगळ्यांना वाटले. मीही चार खाल्ले, आणि मागून म्हणालो, "आंधळ्याचा दगड लागला एकदा."

आणि एक म्हातारी. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला चाललेली, कानडीशिवाय एक शब्द येत नाही. तिला यांनी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कागद लिहून दिला : मी माझ्या मुलीकडे चालले आहे, इथे फक्त विमान बदलायला थांबले आहे, बाहेर जाणार नाही, कृपया मला पुढच्या विमानाच्या दारापर्यंत न्या. तो कागद तिनं ब्लाउजात ठेवला आणि त्याच्या जोरावर अर्धी पृथ्वी ओलांडली. परत आल्यावर तो चुरगळलेला कागद घेऊन ती दुकानात आली आणि यांच्या टेबलावर ठेवून कानडीत म्हणाली, "अप्पा, हा तुझा ठेव. दुसऱ्या कुणाला लागंल." ते उठून उभे राहिले होते. मला त्यात नाटक दिसलं. ज्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही त्याला सगळीकडं नाटक दिसतं.

आता आमच्या लोकांबद्दल. माझ्या लोकांबद्दल बोलायचा मला हक्क आहे, कारण मी त्यांच्यातला सगळ्यात वाईट नमुना आहे.

आम्ही सीमेवरची माणसं. आमच्याकडं सीमा म्हणजे रस्त्याचं डांबर बदलतं ती जागा. कर्नाटकातल्या भालकीहून महाराष्ट्रातल्या उदगीरला माणूस चपला घ्यायलासुद्धा जाऊन येतो. सोयरीक तिकडं, शेत इकडं, दवाखाना लातूरला, कोर्ट बीदरला. पाट्यांची लिपी बदलते तेवढीच. त्यामुळं जगातली प्रत्येक सीमा ही भालकी-उदगीरसारखीच असणार, असं आमच्या मनात पक्कं बसलेलं. त्यात हातात पैसा आला. उसाचा आला, खताच्या दुकानांचा आला, हायवेला गेलेल्या जमिनींचा आला. मग फॉरेनची हौस सुटली. जायचं, मोठ्या इमारतीसमोर उभं राहून फोटो काढायचा, सोबत नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हॉटेलच्या खोलीत दार लावून खायची, आणि आल्यावर पुढचं वर्षभर "आमच्या तिकडं शिंगापूरला" असं बोलायचं. बघितलं काय, हे विचारलं की फोनमधले स्वतःचेच चेहरे दाखवायचे. असल्या हौसेवर माझं दुकान चालायचं. बोर्डावर मी लाल अक्षरांत "फॉरेन टूर" वाढवून घेतलं होतं.

या मंडळींचे म्होरके म्हणजे भालकीचे आप्पा. खत-बियाण्याचं मोठं दुकान, शब्दाला वजन, आणि आवाज असा की फोनची गरज पडू नये. आप्पा दुकानात आले की यांना डिवचल्याशिवाय जात नसत.

"काय अर्जी, इमान जवळनं बघितलास का कदी?"

"न्हाई आप्पा."

"उदगीरच्या पुढं गेलास का?"

"लातूरला गेलतो. दोनदा."

"मग आमाला मलेशियाचे नियम कामून सांगायलास?"

ते बोट कागदावर ठेवूनच म्हणाले, "सोनार सगळे दागिने लेऊन बघतंय व्हय, आप्पा?"

दुकान हसलं. आप्पा हसले नाहीत. मी आप्पांकडं बघून हसू गिळलं. गिऱ्हाईक कोण, हे मला नेहमी आधी दिसायचं.

करोनाच्या आधीची गोष्ट. आप्पांनी चौदा जणांची सहल ठरवली. मलेशियात चार दिवस, मधेच बसनं सिंगापूरला दोन दिवस, परत मलेशियाला येऊन क्वालालंपूरहून हैदराबादचं विमान. परतीची तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून मी आधीच काढून ठेवलेली. पासपोर्ट नवे करायचे होते, ते फॉर्म यांनी भरले. पासपोर्ट आले, फाइल तयार झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर टाचणीनं लावलेली लाल चिठ्ठी.

ती चिठ्ठी माझ्याजवळ अजून आहे. जशी आहे तशी लिहितो : "येणं. मलेशियाचा इंटरनेटवरचा व्हिसा एकदाच शिरायचा. सिंगापूरला गेले की संपला. परत मलेशियात घेणार नाहीत. एक तर अनेक वेळांचा व्हिसा पासपोर्ट पाठवून करून घ्यावा, नाहीतर परतीचं विमान सिंगापूरहूनच घ्यावं. १४ जण."

चार ओळी. यात न कळण्यासारखं काही आहे का? तुम्हीच सांगा.

पासपोर्ट पाठवायचे तर दिवस लागणार होते, तारखा हलल्या असत्या. परतीची तिकिटं बदलायची तर आप्पांपुढं जाऊन "माझं चुकलं" म्हणावं लागलं असतं. मी चिठ्ठी काढून हातात घेतली आणि म्हणालो,

"अर्जीवाले, अहो, मधे एक पूल आहे फक्त. पुलाच्या अलीकडं मलेशिया, पलीकडं सिंगापूर. लोक रोज कामाला जाऊन येतात. आपलं उदगीरला जाऊन आल्यासारखं."

"ते लोक तिथले हायत अण्णा. आपले लोक पाव्हणे हायत. पाव्हण्याला एकदा दार उघडतंय. तो मधेच शेजाऱ्याकडं जेवायला गेला, तर परत कडी वाजवायला त्याला हक्क न्हाई."

"तुमचं सगळं वहीतलं."

"व्हय. वहीतलंच हाय."

"मग वहीत ठेवा."

त्यांनी वही मिटली. चौदा व्हिसांचे फॉर्म मी भरले. दुकानातल्या कंप्यूटरवर, एका बोटानं, दोन दुपारी बसून. ते त्यांच्या टेबलाशी, माझ्याकडं पाठ करून बसले होते. दर फॉर्मला मी मुद्दाम मोठ्यानं "झालं" म्हणत होतो. चौदा वेळा म्हणालो. आज ते आठवलं की वाटतं, एवढा पोरकटपणा मी शाळेत असतानाही केला नव्हता.

मंडळी गेली. मलेशियातून फोटो आले. सिंगापूरहून फोटो आले. मी प्रत्येक फोटो त्यांच्या नाकासमोर धरायचो. ते चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "छान हाय." मग, "अजून येणं बाकी हाय."

सातव्या दिवशी दुपारी फोन वाजला. आप्पांचा आवाज एवढा मोठा, की मी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू आलं. पूल ओलांडून मलेशियाच्या नाक्यावर सगळ्यांना बाजूला बसवलं होतं. जुना व्हिसा वापरून झाला, नवा दाखवा म्हणत होते. मोठ्या बॅगा क्वालालंपूरच्या हॉटेलात ठेवलेल्या, परत यायचंच आहे म्हणून. आप्पांनी त्या अधिकाऱ्याला दखनीत सांगून पाहिलं होतं, "साब, परसों तो इधरीच थे हम, सामान हाय हमारा." तो मान हलवत होता. चौदा माणसं फरशीवर बसली होती आणि पिशवीत उरलेल्या भाकऱ्या कुणी खात नव्हतं.

"हे काय करून ठेवलास? कुणी भरले हे फॉर्म? आँ? कोण भरलं सांग!"

ते समोरच होते. पंजा कुणाच्या तरी पासपोर्टवर दाबलेला, बोट थांबलेलं. मान मात्र पहिल्यांदाच वर. माझ्याकडं बघत होते.

मी फोनमध्ये म्हणालो, "फॉर्म अर्जीवाल्यांनीच भरले, आप्पा. त्यांच्याकडंच असतात सगळे."

बघा, वाक्य कसं आहे. पासपोर्टचे फॉर्म त्यांनीच भरले होते. शब्दाला शब्द खोटं नाही. अशी वाक्यं आयुष्यभर सापडत नाहीत आणि नको त्या क्षणी तयार होऊन जिभेवर येऊन बसतात.

त्यांनी बोट परत कागदावर ठेवलं आणि पुढची ओळ वाचायला लागले.

पुढं काय झालं ते ऐका, कारण नुकसान किती मोठं होतं हे तुम्हाला कळायला हवं. सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळांचा होता, त्यामुळं सिंगापूरवाल्यांनी परत घेतलं. मी तिथून नवी तिकिटं काढून दिली. मंडळी दोन दिवस उशिरा आली. बॅगा महिन्यानं आल्या, त्यातली एक आलीच नाही. आप्पांच्या एका भाच्याचा साखरपुडा चुकला, जो पुढं मोडलाच. संपलं. दोन दिवस, एक बॅग आणि एक मोडका साखरपुडा. एवढ्यासाठी आम्ही एका माणसाचं नाव मातीत घातलं.

आप्पा हुमनाबादला उतरले ते थेट दुकानात आले. माझ्यावर थोडंच ओरडले. यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडंच बघून म्हणाले, "कुणाच्या हातात कागुद द्यावा, एवढं बी कळंना व्हय तुला? ही कामं त्यांची न्हवंत."

"त्यांची" म्हणजे कुणाची, हे दुकानातल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. माझ्या ड्रॉवरमध्ये, हाताच्या वीतभर अंतरावर, ती लाल चिठ्ठी होती. मी ड्रॉवरला हात लावला नाही. मी चहा मागवला. सारख्या ग्लासात.

आप्पा गेल्यावर ते टेबलाची घडी घालायला लागले. मी म्हणालो, आणि हे म्हणताना मला लाज वाटली नाही हे विशेष, "तुम्ही कामून बोलला नाहीत? सांगायचं होतं की."

ते वही पिशवीत ठेवत होते. म्हणाले, "फोन तुमच्या हातात हुता, अण्णा."

टेबल त्यांनी परत लिंबाखाली नेलं. पण गोष्ट त्यांच्या आधी तिथं पोचली होती. बस स्टँडवर अशी गोष्ट चालत नाही, पळते. आधी चौदा माणसं अडकली होती, मग त्यांना कोठडीत टाकलं होतं, मग बायकांना रडत ठेवलं होतं. अर्ज लिहून घ्यायला येणारे लोक लांबूनच टेबलावर कोण आहे ते बघायचे आणि पुढच्या अर्जनवीसाकडं जायचे. पेन्शनचा अर्ज आणि मलेशियाचा व्हिसा यांचा काय संबंध, हे विचारायची अक्कल कुणाला नव्हती. ज्या गावाला एखाद्याबद्दल वाईट ऐकायचंच असतं, ते पुरावा मागत नाही.

आणि आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

त्या वर्षी हळ्ळीखेडच्या बौद्ध वस्तीतली माणसं श्रीलंकेला निघाली होती. तिथल्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला. तीन वर्षांपासून ठरत होतं. शेतमजूर, शिक्षक, एक कंपाउंडर, दोन विधवा. सगळे कागद हेच करत होते, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही जाणार होते. इतरांचे हजारभर पासपोर्ट भरलेल्या या माणसानं त्यासाठी पहिल्यांदा स्वतःचा काढला होता. तो आला त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. मी उघडून न बघता म्हणालो होतो, "फोटो चांगला आलाय."

मलेशियाची गोष्ट वस्तीतही पोचली. विहारातली म्हातारी माणसं त्यांच्या घरी गेली. हे मला नंतर त्यांच्यातल्याच कंपाउंडरनं सांगितलं. म्हातारे म्हणाले, "दादा, आमचा इस्वास हाय. पन बायामानसं भ्यायल्यात." यांनी सगळी फाइल बांधून त्यांच्या हातात दिली. उदगीरच्या एजंटाकडं गेली ती. यादीतून स्वतःचं नाव यांनीच काढलं. म्हणाले, "माझ्या हातचा कागुद नको, आन मी मातर बरुबर, हे काय बरं दिसतंय?"

ती मंडळी हैदराबादला जायला हुमनाबादहूनच बसली. सकाळची वेळ. पांढरे कपडे, नव्या पिशव्या. मी दुकानातून बघत होतो. ते निरोप द्यायला आले होते. हात पाठीमागं बांधून बसच्या दाराशी उभे. एकेक माणूस त्यांच्या पाया पडून वर चढत होता, आणि प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट होता. त्यांनी एकदाही हात पुढं केला नाही. एकालाही विचारलं नाही, येणं कुठाय.

बस गेली. ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले आणि हळ्ळीखेडची गाडी लागली त्यात बसले. मध्ये फक्त रस्ता होता. मी ओलांडला नाही.

मंडळी सुखरूप जाऊन आली. उदगीरच्या एजंटानं फाइलला हातही लावला नव्हता म्हणे. यांनी जे करून ठेवलं होतं तेच पुढं सरकवलं.

मग करोना आला, माझा धंदा बसला, आप्पा त्यातच गेले. आप्पा गेल्यावर तरी मी खरं सांगू शकलो असतो. तेव्हा कारण सापडलं की मेलेल्या माणसाबद्दल कशाला बोला. भित्र्याला कारणांची टंचाई नसते.

दोन वर्षांपूर्वी मुलानं मला आणि हिला कॅनडाला बोलावलं. व्हिसा आला, तिकिटं त्यानं तिकडूनच काढली. मी ते कागद पिशवीत घातले आणि हळ्ळीखेडला गेलो. कागद निमित्त होतं. मला माफी मागायची होती. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. एवढंसं वाक्य.

पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते, पण मला बघून उठले. "या या अण्णा!" सुनेनं चहा आणला. मी पासपोर्ट पुढं केला, आणि काय बोलावं हे मला सुचायच्या आत त्यांचा डावा पंजा त्यावर पडला होता. रबराची टोपी नव्हती आता. बोट मात्र तसंच वरून खाली सरकत होतं.

"जाणं दिसायलंय," ते म्हणाले. "येणं बी हाय. पन मधी हे काय केलाव?"

"दोन ठिकाणी विमान बदलायचं आहे. स्वस्त पडलं म्हणे."

"जर्मनीत उतरून हॉलंड, मग कॅनडा. हे दोन्ही एकाच घरातले देश हायत अण्णा. एकाच ठिकाणी उतरून फुडं गेलाव तर ते ओसरीवर बसल्यासारखं. कॅनडाचा व्हिसा हाय, बसू देतेत. पन जर्मनीत उतरून हॉलंडला गेलाव म्हंजे ओसरीवरनं आत शिरून माजघरातनं मागच्या दारानं निघायलाव. त्याला त्यांचा येगळा व्हिसा लागतंय. हैदराबादलाच इमानात बसू देनार न्हाईत. वैनी संगं हायत, उगा हाल." त्यांनी सुनेला हाक मारली, "बाई, माझं लाल पेन बघ गं."

पेनाची शाई वाळली होती. झटकून झटकून त्यांनी चिठ्ठी लिहिली. वर मथळा : "येणं." खाली : "एकाच थांब्याचं तिकीट घ्यावं. २ जण." टाचणी नव्हती, म्हणून पासपोर्टच्या आत घालून दिली.

फळीवर त्यांचा स्वतःचा पासपोर्ट वहीशेजारी उभा होता. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"कोराच हाय," ते हसून म्हणाले. "जाणंच न्हाई, तर येणं काय बघायचं."

आत्ता मला कळतं, ते वाट बघत होते. तेव्हाही कळलं असावं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडं बघत राहिले. दुकानात त्या दुपारी बघितलं होतं तसं. कुणी मध्ये आलं नाही. कुणाची हाक आली नाही. मला अडवणारं जगात काहीही नव्हतं.

मी म्हणालो, "हुमनाबादची बस किती वाजता आहे?"

"येतंयच आता," ते म्हणाले आणि मला सोडायला रस्त्यापर्यंत आले.

मुलानं तिकिटं बदलली. विमानतळावर आमच्या पुढच्या एका कुटुंबाला अगदी त्याच कारणानं बाजूला काढलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही सरळ गेलो. सहा महिने राहून आलो. आणि हो, मलेशियाला सध्या आपल्या लोकांना थोड्या दिवसांसाठी व्हिसाच लागत नाही म्हणे. ज्या नियमापायी ते माझ्या दुकानातून उठले, तो नियमच उरला नाही. दूध नासलं.

परत आल्यावर आठव्या दिवशी मी हळ्ळीखेडला गेलो. पत्र्याखाली खुर्ची नव्हती. सुनेनं ओळखलं. दोन महिने झाले म्हणाली. फळीवर वही होती, तिच्याशेजारी पासपोर्ट. तिनं पाणी दिलं, मी प्यालो. मी तिला तरी सांगायला हवं होतं. मी तिला तेव्हाही मुलाबाळांचं विचारलं.

तेव्हा आता इथं लिहितो, जिथं ते वाचणार नाहीत. बसमध्ये पाठ केलेलं ते वाक्य एवढंच होतं :

दादा, ते चौदा फॉर्म तुम्ही भरले नव्हते. मी भरले होते.